चंद्राची माती : खरी आणि घडविलेली

पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळसर डाग दिसतात, त्यांत आपल्या पूर्वजांना कधी ससा दिसला, कधी हरिण. म्हणूनच चंद्राला शशांक आणि मृगांक ही नावे मिळाली. पुढे दुर्बिणीतून पाहणाऱ्या युरोपीय ज्योतिर्विदांना तेच डाग समुद्रासारखे वाटले आणि समुद्रवाचक लॅटिन नावे त्यांना कायमची चिकटली. वस्तुतः हे डाग म्हणजे मुख्यतः तीन ते चार अब्ज वर्षांपूर्वी चंद्राच्या पोटातून वर येऊन सखल भागांत पसरलेला आणि तेथेच थिजलेला लाव्हारस होय. त्याचा खडक बेसॉल्ट जातीचा आहे. हा खडक महाराष्ट्रातील वाचकाला मुळीच परका नाही. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची लेणी, गावोगावचे घाट आणि पाटावरवंटे ज्या काळ्या कातळाचे आहेत, तो बेसॉल्टच. वयात मात्र मोठे अंतर आहे; आपला कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, म्हणजे चंद्राच्या मानाने अगदी कालचा.

चंद्राचा जो भाग उजळ दिसतो, त्याचा खडक निराळा आहे. हा भाग उंच, डोंगराळ आणि डागांहून जुना असून तेथे अनॉर्थोसाइट नावाचा फिकट, पांढुरका पाषाण आहे. फेल्स्पार नावाचे जे खनिज आपल्या ग्रॅनाइटातही आढळते, त्याचीच कॅल्शियमयुक्त जात या पाषाणात जवळजवळ निर्भेळ स्वरूपात असते. असा पाषाण महाराष्ट्राच्या कातळात मिळत नाही. तो दक्षिणेकडे तामिळनाडूत, नामक्कल जिल्ह्यातील सित्तंपूंडी या खेड्याच्या परिसरात उघड्यावर आलेला आहे. या खेड्यातील दगड, बंगळूर शहराच्या पूर्वेकडील महादेवपुरा विभागात उभारलेली एक प्रयोगशाळा आणि चंद्राच्या दक्षिण भागातील एक माळ, यांचा परस्परांशी जो संबंध जडला, त्याची हकीकत येथे पाहावयाची आहे.

माती म्हणावी की भुकटी?

चंद्रावर माती आहे असे आपण सहज म्हणतो. पण ती शेतकऱ्याच्या अर्थाने माती नव्हे. शेतातील माती ऊन, पाऊस, वारा, मुळे, गांडुळे आणि असंख्य सूक्ष्म जीव यांच्या कामातून तयार होते. चंद्रावर यांपैकी उन्हाखेरीज काहीच नाही. तेथे दगड फुटतो तो लहानमोठ्या अशनींच्या माऱ्याने. हा मारा अब्जावधी वर्षे अखंड चालू असल्यामुळे मूळ कातळावर चुऱ्याचा एक थर साचला आहे. त्यास शास्त्रज्ञ रेगोलिथ म्हणतात. काळ्या सखल भागांत हा थर सुमारे चार-पाच मीटर, तर जुन्या उजळ प्रदेशात दहा-पंधरा मीटर जाडीचा आहे.

हा थर किती पोकळ आहे, याविषयी अवकाशयुगाच्या आरंभी मोठा वाद होता. १९५५ मध्ये टॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने असे मत मांडले, की चंद्राचे सखल प्रदेश अतिशय बारीक धुळीने भरलेले असावेत. त्यावरून अनेकांच्या मनात अशी धास्ती उत्पन्न झाली, की तेथे उतरणारे यान चिखलात रुतावे तसे धुळीत गडप होईल. कागदावर या वादाचा निकाल लागणे शक्य नव्हते. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी रशियाचे ल्युना-९ हे यान चंद्रावर अलगद उतरले, बुडाले नाही आणि त्याने आजूबाजूची छायाचित्रे पाठविली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेचे सर्व्हेयर-१ उतरले, तर १९६७ मध्ये सर्व्हेयर-३ ने यांत्रिक हाताने जमीन उकरून पाहिली. जमीन भार पेलते, ही गोष्ट तेव्हा सिद्ध झाली. मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले ते त्यानंतर, १९६९ मध्ये.

अपोलोच्या सहा मोहिमांतून ३८२ किलोग्रॅम दगडमाती पृथ्वीवर आली. तिच्या अभ्यासातून चांद्रमृत्तिकेचे जे गुण समजले ते असे : तिच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक कणांचा असतो. बारीकपणाची कल्पना यावी म्हणून घरातील रांगोळी डोळ्यांपुढे आणण्यास हरकत नाही. पण साम्य येथेच संपते. पृथ्वीवरील वाळूचा कण वाऱ्यापाण्याने घासून गुळगुळीत होतो, तर चंद्रावरील कण फुटला की फुटलेलाच राहतो. त्याच्या कडा काचेच्या तुकड्याप्रमाणे धारदार असतात. शिवाय अशनी आदळताना क्षणभर जी प्रचंड उष्णता निर्माण होते, तिने काही भाग वितळून काच बनतो आणि ती काच शेजारच्या कणांना डकवून वेडेवाकडे गोळे तयार करते. असे कण एकमेकांत अडकतात. म्हणूनच अंतराळवीरांच्या बुटांचे ठसे त्या कोरड्या ठणठणीत भुकटीत ओल्या वाळूत उमटावेत तसे रेखीव उमटले. ही धूळ पोशाखाला चिकटते, सांध्यांत शिरते आणि झिजविते. १९७२ मध्ये अपोलो-१७ मधून गेलेले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना तर यानात परतल्यावर तिच्यामुळे चोंदलेल्या नाकाचा त्रास झाला!

लोण्याप्रमाणे तरंगलेला पाषाण

अपोलो-११ ने आणलेली माती काळ्या प्रदेशातील होती. तथापि तीत पांढऱ्या दगडाचे काही बारीक कण सापडले. जवळपास असा दगड नसता हे कण आले कोठून? दूरच्या उजळ डोंगराळ प्रदेशावर कधीकाळी अशनी आदळले, तेव्हा ते उडून येथे पडले असावेत, असा तर्क १९७० मध्ये जॉन वुड आणि त्यांचे सहकारी यांनी केला आणि त्यावरून एक धाडसी कल्पना मांडली. चंद्र जन्मला तेव्हा त्याचा बाहेरचा फार मोठा भाग वितळलेल्या स्थितीत होता. हा शिलारस थंड होऊ लागला तेव्हा लोह-मॅग्नेशियमयुक्त जड स्फटिक तळाशी बसले आणि हलका फेल्स्पार, ताकावर लोणी यावे तसा, वर तरंगून आला. त्या तरंगलेल्या सायीचे कवच म्हणजेच चंद्राचे उजळ डोंगर. चिमूटभर पांढऱ्या कणांवरून अख्ख्या उपग्रहाची जन्मकथा रचावी, हे प्रथमदर्शनी अतिरेकी वाटेल. परंतु पुढील अर्धशतकात मिळालेला बहुतेक पुरावा या कल्पनेला अनुकूलच निघाला आहे.

भारताने चंद्राच्या दक्षिण भागात उतरण्याचे ठरविले, तेव्हा हा भेद केवळ पुस्तकी राहिला नाही. दक्षिणेचा तो भाग उजळ, डोंगराळ प्रदेशात मोडतो. यान तेथे उतरावयाचे आणि सहा चाकांची गाडी तेथे चालावयाची, तर दोहोंची परीक्षा अगोदर तशाच मातीवर व्हावयास हवी. खरी चांद्रमृत्तिका पाहिजे तेवढी मिळणे अशक्य. अपोलोने आणलेला सारा साठा एकत्र केला, तरी त्याने एक खोलीसुद्धा भरावयाची नाही. म्हणून हुबेहूब गुणांची माती पृथ्वीवर घडवावी लागते. अशा मातीस आपण प्रतिमृत्तिका म्हणू.

अमेरिकेत अशी प्रतिमृत्तिका पूर्वीपासून तयार होत असे. तिथली प्रसिद्ध माती अॅरिझोनातील ज्वालामुखीच्या राखेपासून बनविलेली आणि म्हणून बेसॉल्टी, काळ्या प्रदेशाशी जुळणारी होती. शिवाय किमतीचा प्रश्न होताच. बंगळूरच्या उपग्रह केंद्राचे तत्कालीन संचालक मयिलसामी अण्णादुरै यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे अमेरिकन मातीचा दर किलोला १५० डॉलर होता आणि गरज होती ६० ते ७० टनांची. वाचकांनी गुणाकार करून पाहावा. साठच टन धरले, तरी नव्वद लाख डॉलर होतात. आणि ही किंमत दगडाच्या भुकटीची!

सित्तंपूंडीचा दगड

या ठिकाणी भूविज्ञानाचे एक जुने काम उपयोगी पडले. सित्तंपूंडीच्या खडकांचे सविस्तर वर्णन ए. पी. सुब्रमण्यम् या भारतीय भूवैज्ञानिकाने १९५६ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्या वेळी मानवाने पहिला कृत्रिम उपग्रहही सोडलेला नव्हता. तेव्हा या दगडाचा चंद्राशी काही संबंध येईल, हे लेखकाच्या ध्यानीमनीही नसावे. पृथ्वीवर अनॉर्थोसाइट इतरत्रही आढळतो. परंतु बहुतेक ठिकाणच्या पाषाणातील फेल्स्पारात सोडियमचा अंश बराच असतो. सित्तंपूंडीचा फेल्स्पार कॅल्शियमने समृद्ध आहे आणि चंद्रावरचाही तसाच आहे. अडीच अब्ज वर्षांहून जुना असा हा पाषाण म्हणूनच चंद्राच्या उजळ प्रदेशाचा उत्तम प्रतिनिधी ठरला. मूलभूत संशोधनाचा काय उपयोग, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्यावर एवढे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

सेलमच्या पेरियार विद्यापीठातील भूवैज्ञानिकांनी सित्तंपूंडी आणि कुन्नमलै या गावांच्या परिसरातील दगड पारखले. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय तंत्रविज्ञान संस्थेतील स्थापत्य अभियंत्यांनी त्याच्या चुऱ्याचे यांत्रिक गुण तपासले. दगड फोडून, दळून त्याची भुकटी करणे एवढेच काम असते, तर ते कोणत्याही खडीयंत्रावर झाले असते. खरी कसोटी कणांच्या प्रमाणाची होती. किती टक्के कण किती आकाराचे असावेत, हे अपोलोच्या नमुन्यांवरून ठाऊक होते. त्याच प्रमाणात निरनिराळ्या जाडीची भुकटी मिसळावी लागते. एकाच आकाराचे कण घेतले तर त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात आणि माती ढिली पडते. लहान कण मोठ्यांच्या फटींत बसले म्हणजे ती घट्ट होते. गवंडी काँक्रीट कालवताना खडी, वाळू आणि सिमेंट यांचा जो मेळ घालतो, त्यामागील तत्त्व हेच. मातीची घनता, तिचे आंतरघर्षण, कण एकमेकांना धरून ठेवण्याची तिची शक्ती, दाबाखाली तिचे खचणे, या सर्वांची मोजमापे चांद्रमृत्तिकेच्या मोजमापांशी ताडून पाहण्यात आली. सिद्ध झालेल्या मातीस एलएसएस-आयझॅक-१ असे काहीसे रुक्ष नाव देण्यात आले. तिच्या पेटंटासाठी २०१४ मध्ये अर्ज करण्यात आला होता. ते २०२० च्या मे महिन्यात मिळाले.

महादेवपुऱ्यातील चंद्रभूमी

बंगळूर आणि उपग्रह यांचे नाते जुने आहे. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये जुळविला गेला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला. पुढे हे काम वाढत जाऊन विमान कारखान्याच्या शेजारी उपग्रह केंद्र झाले. २०१८ पासून ते यू. आर. राव यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचाच एक विस्तार शहराच्या पूर्वेस, महादेवपुरा विभागातील मारतहळ्ळी व दोड्डनेक्कुंदी या जुन्या गावांच्या शिवारात उभा आहे. उपग्रहाचे भाग एकत्र जुळविणे व त्यांची परीक्षा घेणे हे तेथील काम. बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून रोज जाणारे लोक काचेच्या उंच कचेऱ्या, तळ्यांचे उरलेले काठ आणि वाहनांच्या न संपणाऱ्या रांगा पाहतात. याच रस्त्यालगत एका आवारात चंद्राची जमीन पसरून ठेवलेली आहे, याची जाणीव त्यांपैकी थोड्यांनाच असेल.

नामक्कलच्या दगडाची ही भुकटी तेथील चाचणीगृहात पसरून तीत खड्डे आणि उतार घडविण्यात आले. चंद्रावर सूर्यप्रकाश जसा पडतो तसा पडावा म्हणून विशेष प्रकाशयोजना केली गेली. प्रकाशाची ही काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. चंद्रावर हवा नसल्यामुळे आकाश काळे असते. उन्हातील भाग झगझगीत आणि सावलीतील भाग काळाकुट्ट दिसतो. गाडीच्या कॅमेऱ्यांवरून वाट ठरवावयाची असल्यास त्या कॅमेऱ्यांना अशा कठोर सावल्यांची सवय असावी लागते.

गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न याहून अवघड. चंद्रावर वस्तूचे वजन पृथ्वीवरच्या सुमारे एक षष्ठांश भरते. २६ किलोग्रॅमची प्रज्ञान गाडी तेथील जमिनीवर जेवढा भार टाकते, तो आपल्याकडील सव्वाचार-साडेचार किलोच्या वस्तूएवढा. पृथ्वीवर तिची चाके साहजिकच सहापट जोराने मातीत दबतील आणि चाचणी फसवी ठरेल. यावर योजलेला उपाय साधा होता : हेलियम वायूने भरलेले फुगे गाडीला बांधून तिचा अधिकचा भार वरच्या वर तोलून धरावयाचा. हेलियमचा एक घनमीटर सुमारे एक किलो भार उचलतो. म्हणजे गाडीचे सुमारे २२ किलो हलके करावयास वीस-पंचवीस घनमीटर वायू पुरे. हे गणित शाळकरी विद्यार्थ्यालाही करता येईल.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फुगा गाडीला हलके करतो, मातीला नाही. चाकाखालचा प्रत्येक कण महादेवपुऱ्यात पृथ्वीच्याच ओढीने खाली दाबलेला असतो. चंद्रावर तोच कण सहापट हलका असल्याने माती निराळ्या रीतीने सरकू शकते. चाचणीगृहातील हवेत ओलावा असतो, चंद्रावर निर्वात पोकळी. चंद्रावरील कणांत अशनींच्या आघाताने बनलेली काच असते, ती दगड दळून मिळत नाही. तेथील धूळ सूर्याच्या किरणांनी विद्युत्भारित होते, येथील होत नाही. तेव्हा प्रतिमृत्तिका ही चंद्राची प्रतिकृती नव्हे. आपणांस हव्या असलेल्या काही गुणांपुरती ती चंद्राची जागा घेते. आपली माती कोठे खरी व कोठे खोटी, हे ज्या अभियंत्याला ठाऊक असते, त्याच्या चाचणीवरच भरवसा ठेवता येतो.

एक अपयश

२२ जुलै २०१९ रोजी चांद्रयान-२ निघाले. ७ सप्टेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, विक्रम नावाचे अवतरक यान खाली येत असता जमिनीपासून थोड्याच उंचीवर त्याचा संपर्क तुटला आणि ते चंद्रावर आदळले. इतक्या वर्षांच्या श्रमांचा शेवट बंगळूरच्या नियंत्रण कक्षात बसलेल्यांना पडद्यावर थांबलेल्या एका रेषेच्या रूपाने पाहावा लागला.

दोष मातीचा नव्हता. मातीची परीक्षा होण्याची वेळच आली नाही. संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये जी कारणे सांगितली, ती अशी : वेग कमी करणाऱ्या पाचही एंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा अधिक होता, छायाचित्रे घेण्यासाठी यान ज्या टप्प्यात स्थिर राहणे आवश्यक होते, त्या टप्प्यात चुकांची दुरुस्ती होत नव्हती, त्या साचत गेल्या, मग त्या एकदम सुधारण्यासाठी यानाला फार वेगाने वळावे लागले, पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती, आणि उतरण्यासाठी नेमलेली जागा अवघी ५०० मीटर लांब व तेवढीच रुंद असल्याने, ती गाठण्याच्या प्रयत्नात जमीन जवळ येत असतानाही यान वेग वाढवू लागले. यांतील प्रत्येक चूक एकटी असती तर कदाचित निभावली असती.

पुढच्या मोहिमेच्या आखणीत याची दखल कशी घेतली गेली, हे पाहणे उद्बोधक आहे. मधले पाचवे एंजिन काढून टाकण्यात आले. जमिनीच्या संदर्भात आपला वेग थेट मोजणारे लेसर उपकरण बसविण्यात आले. इंधन वाढविले, सौरपत्रे वाढविली. उतरण्याची जागा ४ किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद एवढी मोठी ठरविली. आणि पायांची ताकद वाढविली : पूर्वी ते सेकंदाला २ मीटर वेगाचा आघात सोसतील असे होते, आता ३ मीटरचा. ही वाढ दिसते त्याहून मोठी आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून पायांना आता सव्वादोनपट ऊर्जा जिरवावयाची होती. हे पाय प्रतिमृत्तिकेच्या थरावर वेगवेगळ्या प्रकारे आपटून तपासण्यात आले. सेकंदाला ३ मीटर म्हणजे पृथ्वीवर जेमतेम दीड फुटावरून पडल्यास येणारा वेग. परंतु एक पाय खड्ड्यात, दुसरा दगडावर आणि यान थोडे तिरपे, अशी स्थिती असली, तर तेवढाही वेग यान कलंडविण्यास पुरतो. २०२४ मध्ये जपानचे स्लिम आणि अमेरिकेतील एका खासगी कंपनीचे ओडिसियस ही दोन्ही याने चंद्रावर पोचली खरी, पण आडवी झाली. पायांची ही काळजी अनाठायी नव्हती, हे यावरून दिसून येते.

याखेरीज सबंध यंत्रणेच्या चाचण्या कधी हेलिकॉप्टरला, तर कधी उंच क्रेनला बांधून घेतल्या गेल्या. त्यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही.

खऱ्या मातीवर

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले आणि २३ ऑगस्टला सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्रावर अलगद उतरले. चारच दिवसांपूर्वी, १९ ऑगस्टला, रशियाचे ल्युना-२५ त्याच दिशेच्या वाटेवर कोसळले होते. वृत्तपत्रांतून यान दक्षिण ध्रुवावर उतरल्याचे छापून आले, ते बरोबर नाही. उतरण्याची जागा सुमारे ६९.४ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून सव्वासहाशे किलोमीटरांवर आहे. मात्र तोपर्यंत दुसरे कोणतेही यान ध्रुवाच्या इतके जवळ सुरक्षित उतरले नव्हते, हे खरे.

उतरता उतरता एंजिनांच्या झोताने जमिनीवरची भुकटी उधळली. कक्षेत फिरणाऱ्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने आधी आणि नंतर टिपलेल्या छायाचित्रांची तुलना करून असा अंदाज काढण्यात आला, की १०८.४ चौरस मीटर क्षेत्रावरील सुमारे २.०६ टन माती विस्थापित झाली. घनसेंटीमीटरला दीड ग्रॅम घनता धरल्यास ही उधळण सरासरी सव्वा सेंटीमीटर जाडीच्या थराची होते. यानाभोवती सारवलेल्या अंगणाप्रमाणे एक उजळ वलय दिसू लागले.

विक्रमवरील एका उपकरणाने दहा तापमापक बसविलेली सळई मातीत १० सेंटीमीटरपर्यंत खुपसली. तिने जे सांगितले ते विलक्षण होते. वरचा पृष्ठभाग दुपारच्या सुमारास ८० अंश सेल्सियसच्या वर तापला होता, पण केवळ आठ सेंटीमीटर खाली तापमान शून्याच्या खाली उणे दहा अंशांच्या आसपास नोंदले गेले. बोटभर मातीने एवढी उष्णता अडवावी, यावरून कणांमधील पोकळी किती आहे आणि हवेच्या अभावी उष्णता पुढे सरकणे किती कठीण आहे, याची कल्पना येते. शिवाय यान ज्या जागी टेकले, तेथे सूर्याकडे तोंड केलेला अवघा सहा अंशांचा उतार होता; मीटरभर अंतरावरील सपाट जागेचे तापमान सुमारे ६० अंशच निघाले. उतारातील इतका थोडा फरक जर एवढा परिणाम करतो, तर ध्रुवाकडे तोंड केलेल्या पुरेशा तीव्र उतारांवर पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर बर्फ टिकून असू शकेल, असे अनुमान संशोधकांनी केले आहे. १९७० च्या दशकात विषुववृत्ताच्या आसपास केलेल्या मोजमापांवरून ही गोष्ट समजली नसती.

प्रज्ञान गाडी सेकंदाला सुमारे एक सेंटीमीटर या गतीने चालली. २७ ऑगस्टला तिच्यापुढे तीन मीटरांवर एक चार मीटर रुंदीचे विवर आले, तेव्हा तिला मागे फिरविण्यात आले. एकूण शंभर मीटरांहून थोडा अधिक प्रवास करताना तिच्यावरील क्ष-किरण उपकरणाने २३ ठिकाणी मातीचे रासायनिक पृथक्करण केले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की ही माती लोहयुक्त अनॉर्थोसाइटाची आहे आणि सबंध वाटेवर तिची घडण जवळजवळ एकसारखी आहे. वितळलेल्या चंद्रावर तरंगलेल्या सायीची जी कल्पना १९७० मध्ये चिमूटभर कणांवरून मांडली गेली होती, तिला दूर दक्षिणेकडून दुजोरा मिळाला. आणि महादेवपुऱ्यात अंथरलेला सित्तंपूंडीचा दगड योग्यच निवडला होता, हेही त्याच मोजमापांनी दाखवून दिले.

तथापि एका बाबतीत खरी माती घडविलेल्या मातीपेक्षा निराळी निघाली. प्रज्ञानच्या मागच्या चाकांवर राष्ट्रीय बोधचिन्ह आणि संस्थेचे चिन्ह कोरलेले होते. गाडी चालेल तसतसे त्यांचे ठसे मागे उमटत जावेत, ही योजना होती. बंगळूरच्या चाचणीगृहातील प्रतिमृत्तिकेवर ते स्पष्ट उमटले होते; चंद्रावर मात्र ते पुसट आले. अनेकांना याची खंत वाटली. संशोधकांनी त्यात मातीचा एक गुण वाचला. ही माती सुटी, धुळीसारखी नसून ढेकळांसारखी आहे; तिला काहीतरी धरून ठेवते आहे. घडविलेली माती ज्या मापांवर बेतली होती ती अपोलोच्या नमुन्यांची होती, आणि ते सर्व नमुने चंद्राच्या विषुववृत्ताकडील पट्ट्यातून आणलेले होते. दक्षिणेची माती हातात घेऊन कोणी पाहिलेलीच नव्हती.

३ सप्टेंबरला विक्रमने एंजिने पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटीमीटर उंच उडी घेतली आणि ते तेवढ्याच अंतरावर पुन्हा उतरले. दुसऱ्या दिवशी त्याला निद्रावस्थेत ठेवण्यात आले. चंद्रावरील चौदा दिवसांची रात्र सरल्यावर ते जागे झाले नाही, आणि तशी आशाही फारशी नव्हती. चांद्रमृत्तिका भारतात आणण्याच्या चांद्रयान-४ या मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी २१०४ कोटी ६ लाख रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. तिच्यासाठी अवकाशात दोन यानांची जोडणी साधणे अवश्य असल्याने, त्या विद्येचा पहिला यशस्वी प्रयोग १६ जानेवारी २०२५ रोजी पृथ्वीच्या कक्षेत करण्यात आला. त्यानंतर मार्चमध्ये जपानच्या सहकार्याने होणारी पाचवी मोहीम मंजूर झाली. तिच्यातील गाडी २६ नव्हे, २५० किलोग्रॅमची असेल, असे तेव्हा सांगण्यात आले. तेवढी गाडी चंद्रावर सुमारे ४२ किलोचा भार टाकील. आणि तो पेलणारी माती भुकटीसारखी धरून चालावयाचे की ढेकळांसारखी, हे चाचणीची जमीन अंथरण्यापूर्वी ठरवावे लागेल.